तेलाचा थेंबही नको

लेकीच्या डान्स ग्रुपने ठरवलं होतं, स्पर्धेला सगळ्या मुलींच्या डोक्याला चिकटून बारीक वेण्या हव्यात. जिच्या नसतील, ती मागच्या रांगेत. माझी लेक पुढच्या रांगेत, मधोमध होती आणि त्या जागेसाठी तिने अख्खी सुट्टी घाम गाळला होता. अंधेरीच्या पार्लरवालीने मला फोनवर बजावलं होतं: केस धुवून, वाळवून, गुंता काढून आणा. तेलाचा थेंबही नको, वेणी सटकते.

त्या सकाळी मी भाजी घेऊन दहिसरच्या घरी परतले, तर माझ्या सासूबाई नातीच्या डोक्यात वाटीभर खोबरेल जिरवत होत्या. वेणी घालायची आणि तेल नको, हे मालवणच्या बाईच्या स्वप्नात तरी येईल का? मी घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. पण राग आला की मला असलं काही सुचत नाही. "वाट लागली! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडले. लेक रडायलाच लागली.

सासूबाईंनी नातीला बाथरूममध्ये बसवून चण्याचं पीठ कालवलं आणि केसांना चोळलं. धुतलं, बोटांनी चाचपलं, पुन्हा चोळलं. केस पंख्याखाली वाळल्यावर त्या फणी घेऊन बसल्या. एकेक बट मुठीत धरून, टोकाकडून वर गुंता सोडवत गेल्या, मुळाला ताण बसू नये म्हणून. माझ्या हातून विंचरताना सोसायटी डोक्यावर घेणारी लेक गप्प बसून होती.

अंधेरीला पोचल्यावर पार्लरवालीने केसांत बोटं फिरवली. "झकास," ती म्हणाली आणि कामाला लागली.

वेण्या झाल्याझाल्या लेकीने घरी फोन लावला. "आजी, सगळ्या बसल्या गं! एकपण सुटत नाही."

"बरा झाला. आवशीक फोन दी."

लेकीने फोन माझ्या हातात दिला. आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं.

"सकाळपासून तुझ्या पोटात काय नाय," त्या म्हणाल्या. "आधी कायतरी खा गो."

मला भरूनच आलं. अशी सासू मिळायला नशीब लागतं, आणि ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. "आई, आज तुम्ही होतात म्हणून निभावलं," मी म्हटलं.

"तेल मीच लावलंय मा? चेडवाची जागा गेली असती तर?"

दुपार कलत आली होती. "तुम्ही जेवलात ना, आई?"

"आता बसतंय," त्या म्हणाल्या.