काढा उकळला कुठे?

सोनगीरची ती केस मी आजही विसरलेलो नाही. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळे तालुक्यात फौजदार होतो. सिव्हिलमधून विषबाधेच्या संशयाची खबर आली: तिशीतला माणूस, पोटात कळा, मनगटं लुळी. पाठोपाठ त्याची आई ठाण्यात हजर.

"साहेब, सूननंच इख घातलं! रोज डब्बामा पुडी ठेवस ती. मी मन्हा डोयानी देखं."

खबऱ्याने आणखी भर घातली. मूल होत नाही म्हणून आई पोराचं दुसरं लग्न ठरवत होती. झालं! सवतीच्या रागाने सुनेने विष घातलं, असं आमच्या जमादाराने ठरवूनही टाकलं. मला मात्र खटकलं. विष घालणारी बाई ते कालवणात मिसळेल, वेगळी पुडी बांधून नवऱ्याच्या हातात कशाला देईल?

सुनेला समोर बसवलं, पाणी दिलं.

"पुडीत काय होतं?"

"औषध शे."

"कशाचं?"

"ते त्यास्लेच इचारा. मी नई सांगस."

"अटक होईल, बाई."

"व्हऊ द्या."

स्वतःला वाचवणारा माणूस भरभर बोलतो. ही दुसऱ्या कुणासाठी तरी गप्प होती, याबद्दल मला शंका उरली नाही. पुडी जप्त केली आणि थेट सिव्हिल गाठलं.

आईला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि नवऱ्याला सरळ विचारलं, "तुझी बायको तुझ्यापायी कोठडीत चाललीय. इज्जत सांभाळत पडून राहणार आहेस का?"

गडी ढसाढसा रडला. महामार्गावरच्या शेडमध्ये तो जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचा. बायकोचं माहेर पहूरचं. तिथल्या वैद्याने त्याला बजावलं होतं, शिसं पुरुषाचं बीज खातं, आधी ते काम सोड. सोबत अश्वगंधा, गोखरू आणि आवळकाठीचा काढा दिला होता. पठ्ठ्याने काम सोडलं नाही, काढा तेवढा धरला. तोही घरी नाही. पुरुषाने मुलासाठी औषध घेतलेलं आईला कळलं तर? बायकोला शपथ घातली आणि काढा शेडच्या भट्टीवर उकळू लागला.

"कशात उकळायचास?"

"तठेच एक पातेलं व्हतं."

पंचांसमक्ष ते पातेलं जप्त केलं. शिसं ओतायचं पातेलं, बुडाला राखाडी थर! प्रयोगशाळेचा अहवाल तसाच आला. पुडीत नुसती अश्वगंधा, गोखरू आणि आवळा, पातेल्यात शिसं. डॉक्टर म्हणाले, आवळ्याच्या आंबटपणाने ते काढ्यात उतरलं. जे औषध शिशापासून वाचवायला दिलं, त्यातूनच शिसं पोटात गेलं. शेडमालकाला बोलावून मी चांगलाच झापला.

कागदावर सून सुटली होती. पण घरात तिच्या कपाळी वांझपण आणि विष, दोन्ही तशीच राहिली असती. मी नवऱ्याला म्हटलं, जबाब मला दिलास, आता आईला दे. सासू-सून दोघी सिव्हिलमध्ये त्याच्या खाटेपाशीच उभ्या होत्या. तो खाली बघत म्हणाला, "माय, दोष मन्हामा शे. तिनामा नई."

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. सून मात्र नवऱ्यावर कडाडली, "मंग काढा घरमा उकाळता येत नव्हता का?"

सगळ्या तपासाचं सार तिने एका वाक्यात सांगितलं. गुन्हेगार शोधायला निघालो आणि हाती लागली पुरुषाची लाज. त्यानंतर अशा प्रकरणांत घरातलं माणूस काय लपवतंय, हे मी आधी विचारू लागलो.

त्याने ते काम सोडलं. पुढे एकदा त्यांच्या गल्लीतून जाताना पाहिलं, अंगणातल्या चुलीवर भरदिवसा काढा उकळत होता. चुलीत फुंकर सासू घालत होती.