हिरव्या पानाच्या डब्यातलं पॉलिश

बोलण्यात मी कोणाला हार जात नाही. दारव्ह्यात माझ्या वॉशिंग सेंटरवर गाडी घेऊन आलेला माणूस गाडी धुऊन होईपर्यंत माझं लग्न, माझी दोन बाळंतपणं आणि सासूबाईंची दातदुखी एवढं सगळं ऐकूनच परत जातो. पण एक गोष्ट आहे — ती मी नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही, विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलाही धड सांगितली नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुरुवात टायरपासून करावी लागेल. हसू नका.

कापसाचे दिवस वाईट होते तेव्हाचं हे. भाव पडलेला, बोंडात अळी, जिनिंगवाले शेठसुद्धा गाडी धुवायला कां-कूं करायचे. पण कापसाला झालंय काय हे बघायला मात्र गाड्याच गाड्या यायच्या! समित्या, साहेब, पत्रकार, संस्था. काळ्या मातीत चाकं रुतवून घ्यायची, शेतात फोटो काढायचे आणि परत जाताना माझ्याकडं थांबून चिखल उतरवायचा. कापूस बुडाला आणि माझा धंदा वर आला. आता याला काय म्हणावं?

अशाच एका संस्थेच्या मॅडम एकदा उतरल्या. माझ्या टायर पॉलिशचा वास आला तशी त्यांनी ओढणी नाकाला लावली. यात काय आहे म्हणाल्या. जळकं ऑइल आणि डिझेल, मी म्हटलं, सगळेच लावतात. मग हे पाणी कुठं जातं? — मागच्या नाल्यात. नाल्यावर पाणी कोण पितं? — बैल, म्हशी. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी सरळ सौदाच मांडला. त्यांच्या सगळ्या जीपा धुवायला मला मिळणार होत्या, फक्त पॉलिश बदलायचं होतं.

ते मी निवडलं कसं, हे सांगताना आजही मला गंमत वाटते. नागपूरहून तीन नमुने मागवले. आमची जुनी जीप सेंटरसमोर उभी केली — तीन चाकांना तीन नमुने, चौथ्याला काहीच नाही. आठ दिवस रस्त्यावरची धूळ खाऊ दिली. येणारा-जाणारा थांबून मत द्यायचा, जशी काही निवडणूकच लागली होती. एका चाकावर धूळ अशी बसली की ते चाक मातीचंच वाटावं. दुसऱ्याची चमक एका बादलीत वाहून गेली. तिसरं मात्र टिकलं. दुधासारखं पांढरं, पाण्यात मिसळणारं, वास नाही, हाताची आग नाही. मी तर ते माझ्या टाचांनाही लावून पाहिलं आणि टाचांच्या भेगा बऱ्या झाल्या, असं गावभर सांगत सुटले. मग पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. तिच्यावर मोठं हिरवं पान आणि खाली लिहिलं — झाडाला, पाण्याला, जनावराला अपाय नाही. ‘जनावराला’ हा शब्द मीच आग्रहानं घालायला लावला. डब्यांवरही तसंच हिरवं पान काढून घेतलं.

इथपर्यंत मी चांगली बाई होते.

मग काळीपिवळी टॅक्सीवाले कुरकुर करायला लागले. “ताई, टायर ओला दिसला पाह्यजे. हा तं निसतं तोंड धुतल्यासारखा दिसून राह्यला.” खरंच होतं ते, पांढऱ्याची चमक बेताचीच. दोघं-तिघं समोरच्या सेंटरवर जायला लागले. मला ते सहन होईना. दारव्ह्यात चमक म्हणजे मी! हा माझा तोरा. एक डबा रिकामा झाला तेव्हा मी त्यात जुनंच काळं ओतलं — जळकं ऑइल, डिझेल. संस्थेच्या जीपांना खऱ्या डब्यातलं, बाकी सगळ्यांना या डब्यातलं. दोन्ही डब्यांवर हिरवं पान तेच.

हे वाईटच. पण टायरला काय होतंय? — असं मी स्वतःला म्हणायचे. बैल नाल्यावर पाणी पीतच होते.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडं ट्रॅक्टरांची रांग लागते, बैल नाल्यात आणि ट्रॅक्टर माझ्याकडं, दोघांची आंघोळ एकाच दिवशी. सेंटरच्या मागे किसनभाऊंचं शेत. त्यांचा मोत्या म्हणजे अख्ख्या पोळ्यात उठून दिसणारा बैल. भाऊंनी त्याची शिंगं रशीदचाचांच्या लाल रंगानं रंगवली होती. चाचा म्हणजे आठवडी बाजारातले घुंगरू-गोंडेवाले. शिंगांचा रंग ते स्वतः घरी घोटायचे, त्यांचे वडीलही घोटायचे. आजूबाजूच्या गावांतली शिंगं चाचांच्या रंगानंच लाल व्हायची.

किसनभाऊ वाटी घेऊन आले. रंगावरून हात फिरवायला थोडं पॉलिश द्या म्हणाले, शिंगं चमकली पाहिजेत. जनावराला चालतं, हे त्यांनी पाटीवर वाचलं होतं. मी घाईत होते. हाताशी जो डबा होता त्यातूनच वाटी भरली.

“पांढरं होतं ना हे? काळं काहून दिसते?”

आता बघा. इथं मला थांबता आलं असतं. खरा डबा चार पावलांवर होता. पण तीन ट्रॅक्टरवाले ऐकत उभे होते — त्यांच्यासमोर काय सांगू, की पाटी खोटी आहे?

“नवा माल हाये, भाऊ. पाण्यातलाच हाये.”

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. तोरणाखाली बैल उभे राहिले, मोत्या मात्र उभा राहीना. मान झटकायचा, शिंगं शेजारच्या बैलाच्या झुलीला घासायचा, शेवटी दावं तोडून जो सुटला तो थेट केळीवाल्याच्या गाडीवर. हसून हसून लोकांची पोटं दुखली. पकडून आणला तेव्हा दिसलं, शिंगांच्या मुळाशी कातडी भाजल्यासारखी लाल होऊन सोलली होती. कोणी विचारलं, काय लावलं होतं? किसनभाऊ म्हणाले, चाचाचा रंग आणि वरून ताईचं पॉलिश. “ताईचं तं पाण्यातलं हाये,” चार जण एकदम म्हणाले, “त्यानं काय होते?”

पोळ्यात झडत्या म्हणतात, एकमेकांना चिमटे काढणारी गाणी. एकानं तिथल्या तिथं झडती जोडली —

“चाचानं देल्ला रंग लाल,
बैलाची निंगाली साल!”

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसले.

मोत्या पंधरा दिवसांत बरा झाला. हळद, लोणी, आणि मी रोज नेऊन देत होते ती सरकीची ढेप. बाई किती मायाळू, असं किसनभाऊंची बायको म्हणायची.

आणि चाचा? ते पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्याकडं आले. हातात रंगाची बरणी. मला वाटलं, कळलं यांना. पण ते बाकावर बसले, बरणी माझ्यापुढं ठेवली.

“बेटा, तू टायरचं पालिश कसं पारखून घेतलं, सारा गाव सांगते. माह्या रंगात काय चुकलं, थोडं पाहून सांग. आता नजर कमजोर झाली. माप चुकलं असन.”

मी बरणी उघडली. वास घेतला. मनगटाला लावून पाहिला. कितीतरी वेळ लावून ठेवला — चहा झाला, चाचांनी दोन बिस्किटं खाल्ली. काही झालं नाही. आग नाही, खाज नाही. असा छान रंग होता तो!

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी म्हटलं —

“थोडा जहाल झाला असन, चाचा.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलंच, म्हणाले. मनगटावरचा रंग पुसायला स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल दिला. त्यानंतर चाचांनी रंग घोटला नाही.

काळ्याचा डबा मी त्याच आठवड्यात फेकला. तेव्हापासून पाटीवर आहे तेच डब्यात असतं. पण त्यानं चाचांचं काय भलं झालं?

चाचा आहेत अजून. बाजारात घुंगरू विकतात, गोंडे विकतात. पोळ्याआधी कोणी शिंगांचा रंग मागितला की म्हणतात, मी आता करत नाही, वॉशिंगवाल्या ताईकडं जा, तिचं पालिश लाव, ती जनावराला जपते. दरवर्षी माणसं वाट्या घेऊन माझ्याकडं येतात आणि मी वाट्या भरते.

परवा बाजारात भेटले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, तुह्यावर भरोसा हाये लोकायचा.”

“हो चाचा,” मी म्हटलं.