व्याह्यांचा रक्तदाब

घटनाक्रम असा: गेल्या वर्षीची आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यानंतरचा पोळा, त्यानंतरची चंपाषष्ठी आणि परवाचा मंगळवार. जबाबदार इसम चारही प्रसंगी एकच, सावद्याचे माझे व्याही. धुळ्याच्या कोर्टात आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. परंतु इतक्या शांत चेहऱ्याने, इतका दीर्घकाळ आणि स्वतःचीच जीभ मारून खोटे बोलणारा माणूस अखिल खानदेशात दुसरा नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

आखाजीच्या सकाळी जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी एक तक्रार अर्ज लिहीत असताना माझा उजवा हात बधिर झाला आणि पेन खाली पडले. हात तासाभरात परत आला. डॉक्टर म्हणाले, ही नोटीस समजा. रक्तदाब उतरला नाही तर पुढच्या वेळी हात परत येईलच असे नाही, तेव्हा मीठ जवळजवळ बंद. मी त्याच हाताने पत्र लिहून त्यांच्याकडे मीठबंदीचा लेखी आधार मागितला. त्यांनी माझ्याच पत्राच्या समासात माझ्या रक्तदाबाचे आकडे लिहून ते परत केले. यावर अपील कोठे करावे, याचा मी विचार करीत होतो. दरम्यान पत्नीने अळणी वरण वाढले की मी पापड मागे, आणि पापड नाकारला गेला की स्वतः उठून लोणच्याच्या बरणीपर्यंत जाई.

चौथ्या दिवशी व्याही एसटीने आले, खांद्यावर केळीचा घड घेऊन. ते कोठेही केळी घेऊनच जातात. लग्नात, दवाखान्यात, एकदा तर कोणाच्या दहाव्यालाही घेऊन गेले होते. घड कोपऱ्यात टेकवून ते म्हणाले, "इवाई, मलेबी बीपी निघालं. माह्यंबी मीठ बंद. आता दोघं मिळून अळनी खाऊ." आमची मुलगी त्यांच्या घरात दिलेली. मुलाचा बाप समोर अळणी भाकरी चावतो आहे आणि मुलीच्या बापाने लोणचे वाढून घ्यावे, हे आमच्याकडील कोणत्याही रीतीत बसत नाही. मी बरणीचे झाकण लावले. ही रीत त्यांना माझ्याइतकीच ठाऊक होती, हे आता ध्यानात येते.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन. "काल काय जेवले? खरं सांगा." इतकी चिवट उलटतपासणी मी भल्याभल्या वकिलांकडून ऐकलेली नाही. सदऱ्याच्या एका खिशात लिंबू आणि दुसऱ्यात भाजलेले तीळ, जिरे व लाल मिरची यांच्या कुटाची डबी. माझ्या ताटावर ते शिंपडल्याशिवाय ते स्वतः घास घेत नसत. पोळ्याला आमच्याकडे आले, तेव्हा पुरणपोळीबरोबरची रशी त्यांनी आधी चाखली आणि पातेले माझ्यापासून हातभर लांब सरकवले. नशिराबादच्या एका लग्नात तर थेट आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन वरणात किती मुठी मीठ पडले, याची चौकशी केली. आचारी वैतागून म्हणाला, "आबा, तुम्ही नवरदेवाकडचे का नवरीकडचे?"

"पेशंटकडचे," व्याही म्हणाले.

चंपाषष्ठीला त्यांच्या मळ्यात भरिताचा बेत असतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, ठेचून, पन्नासेक माणसांचे भरीत एकाच पातेल्यात होते. त्या दिवशी ते पातेले बिनमिठाचे होते आणि प्रत्येक पानावर चिमूटभर मीठ वेगळे. त्यांचा पुतण्या कुरकुरला, "काका, मिठाबिगर भरीत असते का कुठं?" त्यावर व्याही शांतपणे म्हणाले, "मीठ पानावर हाये, ज्याले पायजे त्यानं कालवावं. माह्या इवाईले पंगतीत वेगळ्या वाटीत वाढायचं नाई." फक्त दोन पानांवर मीठ नव्हते, माझ्या आणि त्यांच्या.

परवा मंगळवारी ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जळगावला आले. डोळ्याला दिसत नाही म्हणून दवाखान्याचा फॉर्म मी भरत होतो. मधुमेह? नाही. पूर्वीची शस्त्रक्रिया? नाही. पुढे रक्तदाब. मी न विचारताच "होय" लिहू लागलो, तोच त्यांनी माझा हात धरला.

"नाई लिहा."

"नाही कसे? वर्षभर मीठ बंद आहे तुमचे."

ते खाली पाहू लागले. "इवाई, तुम्हीच म्हनता ना, फारमावर खोटं लिहू नये."

शेजारी बसलेल्या विहीणबाईंना सारे ठाऊक असावे. त्या पदराआड हसत होत्या. ज्या हातातून पेन पडले होते, त्याच हाताने मी "नाही" असे लिहिले. अक्षर स्वच्छ आले.

त्या दुपारी घरून दोन डबे नेले, एक त्यांच्यासाठी आणि एक माझा अळणी. त्यांच्या भाजीत आमच्याकडून वर्षात प्रथमच पुरेसे मीठ होते. त्यांनी एक घास घेतला आणि डबा बाजूला सारला. "खारट लागते आता," म्हणाले, आणि माझ्या डब्यातली भाजी वाढून घेतली.

खोटी माहिती देऊन संमती मिळवणे हा अपराध आहे आणि तो त्यांनी सलग वर्षभर केला. सबब या लेखाद्वारे त्यांना कळविण्यात येते की, येत्या चंपाषष्ठीला, पन्नास पानांच्या पंगतीत उभे राहून त्यांनी जाहीर खुलासा करावा: काही दुखणे नसताना एका संतापी म्हाताऱ्याच्या हातासाठी त्यांनी आपली जीभ का गहाण टाकली? खुलासा तोंडी चालेल. तो लिहून घ्यायला मी हजर असेन.