तो रविवारच होता

गेल्या वर्षी पवित्र कुटुंबाच्या सणाला मी माझ्या वडिलांशी खोटं बोललो. त्यांनी चर्चमधल्या मिस्सेला, सणाच्या उपासनेला, येऊ नये म्हणून, रविवार असताना मंगळवार आहे असं त्यांना सांगितलं. आणि मग त्याच मिस्सेत उभं राहून, म्हाताऱ्या बापाशी मुलानं कसं वागावं हे सांगणारं बायबलमधलं वाचन मी सगळ्यांना वाचून दाखवलं.

एरवी मला लिहायला वेळ लागत नाही. प्रत्येक सणाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दुसऱ्या दिवशीच्या वाचनांवर चिंतन लिहून टाकतो. तीन-चार परिच्छेद असतात. लोक जोडलेले हात पाठवतात, कुणी ते आपल्या नातेवाइकांना पुढे पाठवतात. मला ते आवडतं. त्या दिवशीच्या वाचनाबद्दलही मी लिहिलं होतं, आणि बऱ्यापैकी चांगलं लिहिलं होतं.

वडील इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात नावं घालायचे. आहेरासाठी घेतलेल्या डब्यांवर, घागरींवर, ताटांवर ते छोट्या यंत्रानं देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव कोरत. रविवारी ते चर्चमध्ये वाचक असत. मोठा सण जवळ आला की त्या दिवसाचं वाचन ते आठवडाभर दुकानात बसून घोकत. यंत्राची घरघर आणि बाहेरच्या टेम्पोंचे हॉर्न यांच्या वर आवाज जायला हवा, म्हणून मोठ्यानं म्हणत. मालक म्हणायचा, "काकाजी, भांड्यावर गिऱ्हाइकाचं नाव घाला बरं, देवाचं नको!" वडील हसायचे आणि पुन्हा सुरू करायचे. त्यांचा तो आवाज पुढे कधी लहान झालाच नाही.

साधे रविवार येतात तेव्हा वाचनं बदलत राहतात. मोठ्या सणांना मात्र बहुतेक तीच वाचनं दर वर्षी येतात. त्यामुळे वडिलांची आठवण जाऊ लागली तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. सकाळचा चहा घेतला की नाही हे त्यांना आठवेना, नंदनवन वस्तीतल्या आमच्याच गल्लीत ते चुकू लागले, माझ्या मुलीला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. पण सणांची वाचनं जशीच्या तशी राहिली. साध्या रविवारी ते माझ्या शेजारी गप्प बसून राहत. सणाच्या दिवशी वाचकानं पहिला शब्द उच्चारला की बाकावरून त्यांचा आवाज निघायचा. शिवाय त्यांच्या तोंडात जुना अनुवाद बसलेला. वाचक नव्या पुस्तकातून वाचणार, हे जुन्यातून म्हणणार, आणि तेही वाचकाच्या अर्धं वाक्य पुढे.

गेल्या वर्षी नाताळच्या सकाळी एक कॉलेजातली मुलगी वाचत होती. वडिलांनी सुरू केलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला, कानात "बाबा, हळू" म्हटलं. त्यांना वाटलं मी शाबासकी देतोय. ते आणखी मोठ्यानं म्हणू लागले. ती मुलगी अडखळली, एक ओळ सोडून पुढे गेली, परत मागे आली आणि मग तिला हसू आवरेना. मागची पोरं खिदळली. मिस्सा झाल्यावर अंगणात केक खाता खाता एक ओळखीचे गृहस्थ मला म्हणाले, "काहून गा, चर्चचा माइक कमी पडून राहिला का? घरून स्पीकर घेऊन आले!"

सगळे हसले. मीही हसलो. वडीलही हसले, त्यांना काय ते कळलं नव्हतं.

नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण. पहिलं वाचन माझ्याकडे होतं. सकाळी मी तयार होऊन बाहेरच्या खोलीत आलो तर वडील खाटेवर बसलेले. दाढी केलेली, हनुवटीखाली थोडी राहिलेली. पांढरा सदरा घातलेला, त्याचं एक बटण चुकलेलं.

"चाल ना गा, उशीर होऊन राहिला," ते म्हणाले.

"कुठं जाता बाबा?"

"मिस्सेले. नाताळ झाला ना? मंग आज घराण्याचा सण."

त्यांना सगळं बरोबर ठाऊक होतं. 'आज तुम्ही घरीच थांबा' म्हटलं असतं तर ते ऐकणारे नव्हते, निदान वाद घातला असता. आणि मला घाई होती. मी म्हणालो, "आज मंगळवार आहे बाबा."

"मंगळवार?"

"हो. सण परवाच झाला. तुम्ही आला होता की."

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ते त्या हातांकडे बघत राहिले.

"मी होतो?"

"होता."

"वाचन कोणाचं होतं?"

"माझं."

"बरं वाचलं ना?"

"हो," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती त्या दिवशी त्यांच्यासाठी घरी थांबणार होती. मी चपला घालताना ती बाहेर आली. "अहो, नुसतं थांबा म्हणायचं. वार कशाला बदलला?" मी तसाच निघालो.

चर्चमध्ये मी वाचलं. बापाला म्हातारपणी आधार दे, तो जिवंत असेपर्यंत त्याला दुःख देऊ नको, त्याची बुद्धी कमी झाली तरी त्याला समजून घे, आपल्या अंगात बळ आहे म्हणून त्याला तुच्छ लेखू नको, अशा अर्थाचं ते वाचन आहे. बुद्धी कमी झाली तरी, या शब्दांपाशी मी थांबलो. समोर पूर्ण शांतता होती. अर्धं वाक्य पुढे जाणारं कुणी नव्हतं. माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता, तो मला नीट ऐकू येत होता. अंगणात लोक म्हणाले, "आज छान वाटलं, शांत."

घरी परतलो तेव्हा वडिलांनी सदरा काढून, घडी करून खुर्चीवर ठेवला होता. अंगात बनियन. मला पाहून त्यांनी विचारलं, "आज कोणता वार हाय?" मी मंगळवार म्हणालो. आता दुसरं काय म्हणणार होतो?

त्या दिवसापासून ते रोज वार विचारू लागले. आधी विचारत नसत. विसरत होते, पण स्वतःच्या डोक्यावर त्यांचा भरवसा होता. चुकीचं असलं तरी ठासून सांगत. आता मात्र म्हणत, "तू सांग. माह्या डोक्याचं काही खरं नाही." ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी त्यांना मुद्दाम सोबत नेलं, पुढच्या बाकावर बसवलं. वाचन सुरू झालं. त्यांचे ओठ थोडे हलले आणि थांबले. ते माझ्याकडे बघू लागले, मी काही सांगेन म्हणून. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. या वेळी म्हणा, असं मला सांगायचं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

ईस्टरच्या आधी मी प्रायश्चित्ताला, फादरांपुढे पापं कबूल करायला, गेलो. राग, आळस, कामावरची भांडणं, असं सगळं सांगताना मधेच 'वडिलांशी एकदा खोटं बोललो' हे सरकवून दिलं. फादरांनी नेमकं तिथंच थांबवलं.

"त्यांना सांगितलं का?"

"त्यांना आता काही कळत नाही, फादर."

"मग सांगायला भीती कसली?"

भीती याचीच होती की त्यांना कळेल.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी सणामागून सणाची चिंतनं लिहीत राहिलो. एकदा क्षमेवरही लिहिलं. जोडलेले हात खूप आले. वडील खाटेवरून कमी उठू लागले. कुणी धरल्याशिवाय त्यांना मोरीपर्यंतही जाता येईना. जेवताना एखादा घास तोंडातच राहून जाई. प्रत्येक सकाळी ते वार विचारत आणि मी सांगत असे, आणि रोज तो खोटा मंगळवार मला आठवे. उद्या सांगू, असं म्हणत मी वर्ष काढलं. त्यांच्याकडे किती उद्या उरलेत, याचा विचार मी टाळत होतो.

यंदाचा नाताळ गेला. पुन्हा तोच सण आला, पुन्हा तेच वाचन माझ्याकडे. आदल्या संध्याकाळी चिंतन लिहायला बसलो आणि काही लिहिलं नाही. ग्रुपवर एकानं विचारलंसुद्धा, "आज चिंतनाचा प्रसाद नाही का भाऊ?"

सकाळी बाहेरच्या खोलीत आलो. वडील नुसत्या बनियनवर बसलेले, दाढी वाढलेली. सदऱ्याची त्यांना आठवणही नव्हती.

"आज कोणता वार हाय?" त्यांनी विचारलं.

"रविवार."

"पक्का?"

मी खाटेपाशी खाली फरशीवर बसलो. त्यांचे पाय थंड होते, ते मी हातात धरले. दारात बायको उभी होती, तिच्या हातात तो पांढरा सदरा होता. बाहेरचं मराठी मी चर्चमध्ये, ऑफिसात आणि हल्ली घरीही बोलतो. त्या वेळी मात्र बाबांचीच बोली तोंडात आली.

"बाबा, मागच्या सालीही रविवारच होता. घराण्याचाच सण होता. तुम्ही बरोबर बोलले होते, तुमचं डोकं चुकलं नव्हतं. लोक हसतील म्हणून मी तुमच्यासंग खोटं बोललो, तुम्हाले घरी ठेवलं, अन् तुमचं वाचन एकट्यानं वाचलं. बरंही वाचलं नाही. मले माफ करा, बाबा."