काडीची जाडी, टॉलरन्स शून्य

"शून्य म्हणजे शून्य, मॅडम. यात मी काय करू शकतो, सांगा." अगरबत्ती कंपनीकडून माल तपासायला आलेल्या तिवारी साहेबांनी टॅब माझ्या नाकापुढे धरला. त्यावर लाल चौकट होती आणि चौकटीत लिहिलं होतं, रिजेक्ट.

शेडबाहेर लॉरी सकाळपासून उभी होती. शेडमध्ये चाळीस पोती अगरबत्तीच्या काड्या होत्या आणि अकरा बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुरखेड्याजवळच्या ह्या गावात बायांच्या गटाने दोन महिने बांबू तासून हा पहिला माल तयार केला होता. पहिला माल नापास झाला तर ऑर्डर रद्द, आणि कंपनीने दिलेलं काडी काढायचं मशीन दुसऱ्या तालुक्यातल्या गटाकडे जाणार, असं करारातच होतं.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडची निदेशक होते. सत्तावीस वर्षं पोरांना माप घ्यायला शिकवलं. मागच्या वर्षी रिटायर झाले आणि कुरखेड्यातच राहिले. ह्या मशीनचं ब्लेड मीच बसवून दिलं होतं, त्यामुळे गटप्रमुख जनाबाई उसेंडींचा फोन आला तेव्हा मी पिशवी उचलून धावतच आले. वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

"बाई, आमची काडी बराबर हाये. हे साहेब काऊन नाई म्हनून राह्यले, तुमीच इचारा," जनाबाई म्हणाल्या.

आधी काडीचं सांगते. बांबूची पट्टी दोन ब्लेडमधून जाते. दोन्ही ब्लेडना अर्धगोल खाचा असतात. पट्टी पलीकडे निघाली की तिच्या गोल काड्या झालेल्या असतात. ह्या धंद्यात काडीची लांबी इंचात सांगतात आणि जाडी मिलिमीटरमध्ये. नऊ इंच लांब, १.३ मिलिमीटर जाड. असं का, हे कुणालाच माहीत नाही. एकाच काडीला दोन देशांची मापं लावतात आणि गंमत म्हणजे त्याने आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

मी पिशवीतून माझा जुना मायक्रोमीटर काढला. पाच पोत्यांतून काड्या घेतल्या आणि मोजल्या. १.३०, १.३१, १.३०, १.२९, १.३०. बांबूचं माप याहून चांगलं येत नाही. ऑर्डरच्या कागदावर स्पष्ट होतं: जाडी १.३ मिलिमीटर, टॉलरन्स ०.०५. टॉलरन्स म्हणजे किती इकडेतिकडे चालेल ते. म्हणजे १.२५ पासून १.३५ पर्यंत सगळं पास.

"तिवारी साहेब, माल पास आहे."

"कागदावर असेल. सिस्टिममध्ये नाही ना." ते नागपूरचे, स्वभावाने गरीब माणूस. त्यांनी टॅबवरची शीट उघडून दाखवली. जाडी ०.०५ इंच, टॉलरन्स ०.०० इंच. "माझ्या मापाच्या मशीनवर रीडिंग येऊन राह्यलं ०.०५१२. जास्त आहे. टॉलरन्स झिरो. तो रिजेक्ट."

मी शीट दोनदा वाचली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनीचं परदेशी गिऱ्हाईक इंचवालं. म्हणून कुणीतरी सिस्टिममध्ये सगळी मापं इंचात टाकायचा हुकूम काढला. सिस्टिम दशांश चिन्हापुढे दोनच घरं ठेवते. १.३ मिलिमीटरचे इंच करा, ०.०५१२ येतात. दोन घरं ठेवा, ०.०५ उरतात. आता टॉलरन्स. ०.०५ मिलिमीटरचे इंच होतात ०.००२. दोन घरं ठेवली की शून्य.

म्हणजे त्या बिचाऱ्या टॉलरन्सचा कुणी ठरवून खून केला नव्हता. तो दोन घरांत मावला नाही, एवढंच.

"साहेब, भांडण कितीचं आहे ते तरी बघा. इंचाचे हजार भाग केले की एकाला थाऊ म्हणतात. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. एका थाऊत पंचवीस मायक्रॉन आणि वर थोडं. तुम्ही माल नाकारताय तो सव्वा थाऊसाठी. तीस मायक्रॉन." मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. केस होते, सुदैवाने. "एक केस द्या."

त्यांनी निमूटपणे एक केस उपटून दिला. मी मोजला. बहात्तर मायक्रॉन.

"हे बघा. तुमच्या अर्ध्या केसापेक्षा कमीसाठी चाळीस पोती परत."

"मॅडम, मला समजते. पण एंट्री कशी करू?"

त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या कंपनीची झिरो टॉलरन्स पॉलिसी आहे."

"ती भ्रष्टाचाराला असेल हो. बांबूला कशी लावता?"

"क्वालिटीमध्ये कॉम्प्रोमाइज नाही. तुम्ही ब्लेड बदलून घ्या ना. ०.०५ चं लावा."

माझं डोकंच फिरलं, पण लॉरीवाला हॉर्न वाजवायला लागला होता. म्हणून कुरखेड्यात लेथ चालवणाऱ्या दिलीपला फोन केला. माझाच विद्यार्थी. त्याला विचारलं, ०.०५ इंचाची खाच पाडून देतोस का.

"सुतात सांगा ना मॅडम."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, लोहार, वेल्डर सगळे सुतात बोलतात. मी हिशेब केला. "०.४ सूत."

तो म्हणाला, "पाव सूत असते, अर्धा सूत असते. हे चार दशांश सूत मी आजलोक पाह्यलं नाई. अर्धा करून देऊ काय? जमून जाईन."

अर्धा सूत म्हणजे जवळजवळ १.६ मिलिमीटर. त्या काडीने अगरबत्ती नाही, वांगी भाजता आली असती. मी फोन ठेवला. सत्तावीस वर्षं शिकवून हे फळ.

तोवर तिवारी साहेब एकच काडी पुन्हापुन्हा मोजत बसले होते. ०.०५१२. मग ०.०५१०. मग ०.०५१३. त्यांचा चेहरा उतरला. "यातलं खरं कोणतं?"

"तिन्ही खरी. बांबू आहे तो. दमट हवेत फुगतो, उन्हात सुकतो. काडी थोडी फिरवली तरी आकडा बदलतो. शून्य टॉलरन्सची काडी ब्रह्मदेवालाही जमायची नाही."

हे सगळं जनाबाई ऐकत होत्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि लहान लेकराची एक पितळी बांगडी घेऊन आल्या. पाचशे काड्यांची एक जुडी उचलली आणि बांगडीत सरकवली. जुडी अलगद गेली आणि मधोमध घट्ट बसली. त्यांनी बांगडी धरून जुडी उलटी केली. एक काडी पडली नाही.

"आमी असं पाह्यतो. नाई घुसली तं जाड. सटकली तं बारीक. एकेक काडी कोन मोजत बसते, बाई."

मी गार पडले. मी त्यांना तपासायला लोखंडी गेज करून दिलं होतं. ते कुठे आहे विचारलं, तर वजनकाटा डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली सरकवलेलं होतं. रागवायला तोंड उघडलं, पण मनात हिशेब सुरू झाला होता. बांगडीचं माप कासार आजही इंच आणि आण्यात सांगतो. इंचाचे सोळा आणे. ही बांगडी एक-चारची, म्हणजे सव्वा इंची. पाचशे काड्यांच्या जुडीत आडव्या चोवीसेक काड्या येतात. काडी तीस मायक्रॉनने बारीक झाली की जुडी पाऊण मिलिमीटर सैल पडते, आणि पाऊण मिलिमीटर बोटाला कळतं. मी पाच काड्या मोजून छाती फुगवली होती. ह्या बाया प्रत्येक वेळी पाचशे मोजत होत्या. मला माझीच लाज वाटली, आणि खरं सांगते, फार बरंही वाटलं.

पण टॅब काही बांगडी घालत नव्हता. त्याला आकडा हवा होता.

"साहेब," मी विचारलं, "रिजेक्ट तुम्ही केलं की सिस्टिमने?"

"मी केलं. रीडिंग चार घरांत येऊन राह्यलं, मोठं दिसलं, म्हणून मीच बटण दाबलं."

"रीडिंग सिस्टिममध्ये भरलं?"

"नाही. गरजच नाही ना, फेलच आहे."

"भरा."

त्यांनी रिजेक्ट मागे घेतलं आणि खोक्यात ०.०५१२ टाइप केलं. पुढच्या खोक्यावर बोट ठेवताच सिस्टिमने त्याचे ०.०५ केले. फरक ०.००. टॉलरन्स ०.००. चौकट हिरवी झाली.

तिवारी साहेब टॅबकडे बघतच राहिले. ज्या कात्रीने माप कापलं होतं, तिनेच रीडिंगही कापलं होतं. त्यांनी घाईघाईने सगळ्या पोत्यांची रीडिंगं भरली. सगळी हिरवी. बायांनी पदर खोचले आणि पोती लॉरीत चढू लागली.

आता साहेबांना चव लागली. कोपऱ्यात तीन पोती वेगळी ठेवलेली दिसली. त्यांनी त्यातली काडी मोजली, ०.०५४३ आली, म्हणजे १.३८ मिलिमीटर. ब्लेड बोथट झालं त्या दिवशीचा माल. त्यांनी तेही भरलं. हिरवं.

"हे पण पास आहे जनाबाई. टाका लॉरीत."

"ते नाई द्याचे."

"अहो, सिस्टिम घेऊन राह्यली."

"शिष्टीमले अगरबत्ती नाई लावा लागत. जाड काडी मसाल्यासंगं जळत नाई, धूर मारते. लोक म्हनतीन, कुरखेड्याची काडी खराब. आमच्या घरी चुलीत जाईन ते."

"पण आता एंट्री झाली त्रेचाळीस पोत्यांची. चाळीसच नेली तर कारण लिहावं लागते."

"लिवा ना, बायांनी नाई देल्लं."

साहेबांनी कारणांची यादी उघडली. त्यात चार कारणं होती: पावसाने भिजले, तूटफूट, चोरी, कीड. पास झालेला माल माणूस स्वतःहून ठेवून घेईल, हे यादी करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चोरी लिहिलं तर पोलीस आले असते. भिजलं म्हणायला महिनाभर थेंब पडला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि त्यांनी कीड निवडलं.

लॉरी गेली. मशीन शेडमध्येच राहिलं. पंधरा दिवसांनी कंपनीकडून कीडनाशकाचे दोन डबे आणि कीड कशी ओळखावी याचं रंगीत पत्रक आलं. त्याच टपालात दुसरी ऑर्डर होती. जाडी ०.०५ इंच, टॉलरन्स ०.००. मी हेड ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. बायांनी आपली १.३ ची काडी काढायला घेतली.

वर्गात मी पोरांना घसा फोडून सांगायचे, आकडा कापायचा तर अगदी शेवटी कापा, मध्येच कापू नका. पोरं विचारायची, मॅडम, एवढ्याशाने काय होतं. मला तेव्हा नीट उत्तर देता यायचं नाही. आता देते. आकडा कापणारा ऑफिसात बसलेला असतो, त्याला काहीच होत नाही. मशीन जातं ते अकरा बायांचं.