फणसाच्या सावलीवरचा हक्क

ज्या झाडातून बैलगाडी आरपार निघून जाते त्याला झाड म्हणता येणार नाही, असे मी माझ्या मुलीला लेखी कळवले. त्या वेळी ती आमच्याच ओसरीवर, माझ्या शेजारीच बसली होती. परंतु तोंडी आक्षेपाला पुरावा राहत नाही. रस्ता, वीज आणि बस यांविषयी मी आजवर केलेले सर्व अर्ज याच तत्त्वावर केलेले आहेत.

ती संगणकावर एक खेळ तयार करीत होती. रामनगरातील आमच्या घरापासून बैलगाडी हाकायची आणि जंगलातून उळवीच्या जत्रेला पोचायचे, एवढाच तो खेळ. बेळगावची एक कंपनी सोमवारी तो पाहणार होती. पसंत पडल्यास तिला घरी राहून काम करता येणार होते. अन्यथा नोकरीसाठी बंगळूर गाठावे लागणार होते. तिने जाऊ नये अशी माझी इच्छा होती, आणि म्हणूनच त्या पोकळ सागवानांचा मला अधिक संताप आला.

"बाबा, आत्ता ती नुसती चित्रं आहेत," ती म्हणाली. "प्रत्येक झाडाला एक न दिसणारा आकार लावायचा राहिलाय. तो लावला की गाडी अडेल."

शनिवारपर्यंत तिने सगळ्या झाडांना आकार लावले. गाडी अडू लागली. हा माझ्या अर्जाचाच विजय, असे मी समजलो.

खेळ तपासायला तिने शेजाऱ्याला बोलावले, कारण उळवीपर्यंत खरी बैलगाडी नेलेला माणूस तोच. त्याच्याशी माझा एक वाद होता. आमचा फणस माझ्या जागेत आहे. त्याच्या फांद्या मात्र शेजाऱ्याच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर पसरल्या आहेत. जिथवर फांद्या तिथवर माझा हक्क, ही माझी भूमिका. तदनुसार मी वाटेवर आडवा बांबू बांधला होता आणि त्याची गाडी ओढ्याकडून वळसा घेऊन जात होती. चहा आम्ही एकत्र घेत असू. नोटिसा मात्र पोस्टाने जात.

मुलीने खेळात आमचे घर, ती वाट आणि तो फणसही घेतला होता. शेजाऱ्याने गाडी हाकली. फणसाजवळ येताच ती मोकळ्या वाटेवरच थांबली. बैल जागच्या जागी पाय टाकत राहिले.

"काय आडवं आलंय, अण्णा? मला तर काय बी दिसत न्हाई."

"फणसाचा आकार, काका," मुलगी ओशाळून म्हणाली. "घाईत फांद्यांच्या टोकापर्यंत एकच मोठी पेटी बसवलीय."

"व्हय? खोड तिकडं आन् गाडी हितं अडली. ह्या मशिनीला बी तूच नोटीस शिकवलीस काय, अण्णा?"

माझे लक्ष त्याच्या टोमण्याकडे नव्हते. सोमवारी कंपनीसमोर बैल असे हवेला धडकले असते तर माझी मुलगी बंगळूरला गेली असती. मी तत्काळ निर्णय दिला. "झाडाचा अडथळा खोडापुरता. सावलीने गाडी अडवण्याचा अधिकार कोणत्याही झाडाला नाही. लिहून घे."

मुलीची बोटे थांबली. शेजाऱ्याने बशी खाली ठेवली.

"पुन्यांदा सांग की. कानात दडं बसलंय."

वाक्य संपण्यापूर्वीच माझ्या ध्यानात आले होते. परंतु दोन साक्षीदारांसमक्ष दिलेला निर्णय स्वतःच्या सोयीसाठी फिरवता येत नाही. मी ते वाक्य शब्दशः पुन्हा उच्चारले.

मुलीने सगळ्या पेट्या काढून खोडांभोवती बेताचे आकार बसवले. गाडी घुंगरे वाजवीत फणसाखालून गेली. शेजाऱ्याने मुद्दाम मागे वळवून ती खोडावर घातली, बैल थबकले.

"हां. आता हे झाड हाय."

रविवारी सकाळी, रीतसर लेखी सूचना देऊन, मी बांबू सोडला. सोमवारी कंपनीने मुलीला काम दिले, घरूनच. खेळ पाहणाऱ्यांनी झाडांविषयी अवाक्षरही काढले नाही. याचा मला काहीसा रागच आला, पण मुलीने मला त्यांना पत्र लिहू दिले नाही.

सूचनेत मी एक अट घातली होती : वाटेवर पडलेले फणस माझेच राहतील. शेजाऱ्याला ती मान्य आहे. त्याचा प्रश्न एवढाच, की चालत्या गाडीत पडला तर तो कुणाचा? या मुद्द्यावर आमचा पत्रव्यवहार चालू आहे.