रिकामी परीक्षानळी

इंटर सायन्सच्या पहिल्या टर्ममध्ये मला जिथे तिथे कार्बोनेट सापडायचं. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्हा प्रत्येकाला कागदाच्या पुडीत चिमूटभर पूड मिळे आणि ती कशाची आहे ते तऱ्हेतऱ्हेची द्रावणं घालून शोधून काढायचं. पहिली पायरी सगळ्यांत सोपी. पूड काचेच्या परीक्षानळीत टाकायची, वरून पातळ आम्ल ओतायचं. फसफसलं तर कार्बोनेट, नाही फसफसलं तर पुढे चला. माझं दर वेळी फसफसायचं. शेजारच्या पोराच्या नळीत तीच पूड गुमान बसून राही आणि माझ्या नळीतून बुडबुडे वर येत.

आमचे प्रोफेसर पुण्याचे. ते माझी वही पाहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "अहो, तुम्ही कॉलेजात शिकायला आलात की अमरावतीत सोडावॉटरची गाडी लावायला?"

वर्ग हसायचा. मला मात्र संताप यायचा. जे डोळ्यांनी दिसतं ते लिहिलं तर चुकलं कसं? एकदा मी तोंड उघडलंच. "बुडबुडे मी काय तोंडानं फुकून काढून राह्यलो काय, सर?" आमच्या गावात हा साधा प्रश्न झाला असता. पुण्याच्या कानाला तो उद्धटपणा वाटला आणि मी उरलेला तास व्हरांड्यात काढला.

पहिल्या टर्मला मी रसायनशास्त्रात सपशेल आपटलो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला होता, म्हणून मोठी परीक्षा नागपूरची. तिला कोणाचं नाव पाठवायचं आणि कोणाचं नाही, हे कॉलेज दुसऱ्या टर्मच्या परीक्षेनंतर ठरवायचं. नाव गेलं नाही की वर्ष बुडालं. आमच्या घरी वर्षच काय, कॉलेजच बुडणार होतं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांनी निकाल ऐकला, पान लावलं, तोंडात घातलं आणि मग म्हणाले, "दुसऱ्या टर्मले नाव नाई गेलं, तं मी गाडी घेऊन येतो. पेटी-बिस्तरा भरू अन् गावाले येऊ. वखर तुई वाटच पाहून राह्यला."

बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते रागावलेच नव्हते. वखर धरायची मला लाज नव्हती. आमची काळी जमीन, तिच्यावरच तर वाढलो. पण मला रसायनशास्त्र सोडवत नव्हतं. दोन बिनरंगी द्रावणं एकत्र केली की हळदीसारखा पिवळा साका खाली बसतो, हे एकदा पाहिल्यावर माणूस पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. ते हातचं जाणार म्हणून मी मनातून पार घाबरलो होतो.

आमचं गाव भातकुलीच्या बाजूचं, खारपाणातलं. तिकडच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायचं गोडं पाणी लांबून गाडीवर येतं, आणि ते पाणी भांडी घासण्यात घालवणाऱ्या सुनेला आमच्याकडे कोणी भली म्हणत नाही. भांडी कोरड्या राखेने घासायची, फडक्याने लख्ख पुसायची, आणि झालं. ओंजळीत मावेल एवढ्याच पाण्यावर माय अख्खी मांडणी उजळवायची.

भाऊबीजेच्या सकाळी ती तांब्याची घागर घासत बसली होती. तांब्याला नुसती राख पुरत नाही, म्हणून तिने चिंचेचा कोळ घेतला आणि राख लावलेल्या घागरीवर चोळला. मी समोरच बसून शेव खात होतो. घागरीच्या पोटावर बारीक फेस आला. फस्स, असा अगदी हलका आवाजही आला.

माझा हात तोंडाशीच थांबला. चिंच म्हणजे आम्ल. राखेवर आम्ल पडलं. फसफसलं.

मी हसायला लागलो तो थांबेना. माय घाबरली. "काऊन हसून राह्यला रे असा येड्यावानी? कोनाची नजर लागली काय तुले?"

तिला काय सांगणार होतो? कॉलेजातल्या नळ्या बाकीची पोरं नळाखाली धरून ब्रशने धूत. मला ते धुणं म्हणजे पाण्याची उधळपट्टी आणि वर अर्धवट काम वाटे. राखेशिवाय भांडं उजळतं, हे आमच्या घरात कोणी ऐकून घेतलं नसतं. म्हणून मी वसतिगृहाच्या चुलीतली राख पुडीत घेऊन जायचो, काडीला चिंधी गुंडाळून एकेक नळी आतून घासायचो आणि घरच्या शिस्तीप्रमाणे कोरडीच पुसून ठेवायचो. साऱ्या प्रयोगशाळेत माझ्या नळ्यांइतक्या चकचकीत नळ्या कोणाच्या नव्हत्या. आणि त्या चकाकीत राखेचं कार्बोनेट पहिल्या दिवसापासून ठाण मांडून बसलं होतं.

सुटी संपवून परतलो तो पेटी खोलीत टाकून थेट प्रयोगशाळेत. माझी एक नळी घेतली. पूड नाही, काही नाही. रिकाम्या नळीत आम्ल ओतलं. बुडबुडे! मग दुसरी नळी ब्रशने घासली, पाण्याने मनसोक्त धुतली आणि तिच्यात आम्ल ओतलं. आम्ल गप्प. त्या गप्प आम्लाकडे बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे भल्याभल्या गोष्टींनी झाला नाही. माझे डोळे खोटं बोलले नव्हते. बुडबुडे खरेच होते, फक्त माझ्या पुडीचे नव्हते.

त्या दिवसापासून मी एक नेम धरला. कोणतीही परीक्षा करायची झाली की आधी ती पुडीशिवाय, रिकाम्या नळीत करायची. जे रिकाम्या नळीत दिसेल ते पुडीच्या नावावर घालायचं नाही. प्रत्येक काम दोनदा करावं लागे, वेळ जाई, पण मी हट्टाला पेटलो होतो.

माझा खोलीतला सोबती अकोल्याचा, वकिलाचा मुलगा. घरी सोवळं-ओवळं, पाठांतर तगडं, अक्षर मोत्यासारखं. तो मला "रिकाम्या नळीचा पुजारी" म्हणू लागला. मीही त्याला सोडत नसे. हायड्रोजन सल्फाइड वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, असं पुस्तकात लिहिलेलं. बिचाऱ्याने जन्मात अंडं जवळून पाहिलं नव्हतं. त्याने मला एकदा हळूच विचारलं, "सडक्या अंड्याचा वास कसा असतो रे?" मी म्हटलं, "हायड्रोजन सल्फाइडसारखा." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पाहता पाहता दुसऱ्या टर्मची परीक्षा आली. त्या आठवड्यात बाबांचा निरोप गावच्या माणसाबरोबर येऊन पोचला होता: निकालाच्या दिवशी गाडी घेऊन येतो. म्हणजे त्यांनी बैलांचं ठरवूनही टाकलं होतं.

प्रात्यक्षिकाला सगळ्यांना एकच पूड होती, दोन क्षारांचं मिश्रण. धातूंच्या बाजूची दोन नावं शोधायची आणि आम्लांच्या बाजूची दोन. धातूंच्या बाजूला अमोनियम लगेच सापडलं. सोडा घालून तापवताच आमच्या गोठ्याचा ओळखीचा वास आला. मग जस्त सापडलं. आम्लांच्या बाजूला सल्फेट सापडलं. आता एकच नाव उरलं होतं.

कोरड्या पुडीवर तीव्र आम्ल घालून पाहिलं. क्लोराइड असतं तर नाकाला झोंबणारा पांढरा धूर यायला हवा होता. तो आला नाही. नायट्रेटचा असतो तशा तपकिरी धुराची एक झाक मात्र दिसली, इतकी पुसट की दिसली म्हणावं की भासली म्हणावं कळेना. मग पूड पाण्यात विरघळवून तिच्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी दुधाळ झालं. दुधाळ होणं ही क्लोराइडची खूण.

अकोलेकराने माझ्याकडे पाहून ओठ हलवले: क्लोराइड. पलीकडच्या रांगेतही तेच कुजबुजत होते. एकेक जण उत्तर लिहून हात धुवायला निघाला.

मी अडकलो. कोरड्या पुडीत क्लोराइड नाही आणि ओल्या पुडीत आहे, हे कसं? दोन्हींत फरक काय, तर पाणी. मग नेमाप्रमाणे रिकामी नळी घेतली, बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी तिच्यात ओतलं आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. तेही दुधाळ झालं, अगदी तितकंच.

डिस्टिल्ड पाणी, म्हणजे वाफेचं पाणी. त्यात काहीच असायला नको. मी इकडे तिकडे पाहिलं आणि बाटलीतला एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं होतं. पण मी खारपाणातला. पाण्यातलं मीठ ओळखायला मला सिल्व्हर नायट्रेट लागत नाही. ते पाणी मचूळ होतं. कॉलेजच्या मागच्या विहिरीची ओळखीची चव.

तरी हात लिहायला धजेना. अख्खा वर्ग एकीकडे आणि मी एकटा एकीकडे, आणि पहिल्या टर्ममध्येही मी असाच एकटा होतो. चुकलो तर बाबांची गाडी दाराशी उभीच. मी उरलेली पूड विरघळवली, तिच्यात हिराकशीचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, ताजं पाणी मिसळलं, नळी तिरपी धरली आणि कडेकडेने तीव्र आम्ल सोडलं. आम्ल तळाशी गेलं. दोन थर जिथे भेटले तिथे तपकिरी कडं उमटलं, गोल आणि ठसठशीत. नायट्रेट! तीच कृती आधी नुसत्या बाटलीतल्या पाण्यावर करून ठेवली होती. तिथे कडं नव्हतं. मग मी लिहिलं: सल्फेट आणि नायट्रेट. क्लोराइड नाही, जे दिसतं ते बाटलीतल्या पाण्याचं.

निकालाच्या सकाळी प्रोफेसर वर्गात आले ते पेपरांचा गठ्ठा घेऊन. माझा पेपर वर होता. "उभे राहा," ते म्हणाले. "सगळ्यांना क्लोराइड सापडलं. तुम्हाला का नाही सापडलं?"

माझी कॉलेजची भाषा पार पळून गेली. "सर, ते पुडीत नाई. ते पान्यात हाय."

वर्ग हसला. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी स्वच्छ नळी घेतली, बाटलीतलं पाणी ओतलं, सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. दुधाळ पाणी शेवटच्या बाकापर्यंत दिसलं. हसणं जागच्या जागी विरलं.

"ते मिश्रण मी माझ्या हाताने कालवलं होतं," प्रोफेसर म्हणाले. "त्यात क्लोराइड नव्हतं. पण सगळा वर्ग एकमुखाने सांगतो म्हटल्यावर माझाच हात चुकला, असं मी धरून चाललो होतो." वाफ थंड करायच्या भांड्याला चीर पडून भोवती खेळवलेलं विहिरीचं पाणी आत झिरपत होतं, हे मग उघड झालं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हाला सुचलं कसं?"

मी राखेपासून सगळं सांगून टाकलं. माय, घागर, चिंच, रिकामी नळी. शेवटी म्हणालो, "अन् थोडं चाखलंबी, सर."

"चाखायचं नाही!" ते गरजले, आणि मग असे खदखदून हसले की चष्मा घसरून नाकावर आला. "बाकी सगळ्यांचं प्रात्यक्षिक पुन्हा होईल. यांचं नाही. नागपूरला पाठवायच्या नावांत यांचं नाव आधी घाला." अकोलेकराने बाकाखालून माझा हात असा दाबला की हाडं दुखली.

बाहेर आलो तर बाबा वसतिगृहाच्या फाटकाशी उभे. बैल सोडलेले, गाडीत पेटीखाली घालायला कडबासुद्धा पसरलेला. मला पाहून ते पुढे झाले. "पेटी बांधली काय?"

"नाव गेलं, बाबा," मी म्हणालो. "सगळ्यांच्या आधी गेलं."

मग त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, उगाच झटकलं आणि पुन्हा घातलं. डोळ्यांतलं पाणी मला दिसू नये म्हणून ते बैलांकडे वळले. "मंग गाडी काय रिकामी नेऊ?" ते बैलांनाच म्हणाल्यासारखं म्हणाले.

मी खानावळीतून तेलाचे रिकामे डबे मागून आणले. अकोलेकर बाह्या सरसावून आला, आणि जन्मात पाणी न भरलेल्या त्या पोराने माझ्याबरोबर ते डबे घासून वसतिगृहाच्या गोड्या पाण्याच्या नळावर काठोकाठ भरले. पाणी हिंदकळू नये म्हणून बाबांनी वरून कडुनिंबाच्या डहाळ्या घातल्या आणि गाडी हाकली.

नागपूरची परीक्षा देऊन मी गावी गेलो तेव्हा ती गोष्ट सगळ्या आळीला पाठ झाली होती. आमच्या खाऱ्या पाण्यात धड न शिजणारी तुरीची डाळ मायने तेव्हाच त्या गोड्या पाण्यात शिजवली होती, ती लोण्यासारखी झाली आणि तिने घरोघर वाटीभर पाठवली होती. आणि बाबा पारावर बसून, ज्याने विचारलं त्याला आणि ज्याने नाही विचारलं त्यालाही, एकच सांगत होते: "पोराची पेटी आणाले गेलतो, गोडं पानी घेऊन आलो."